वहिनी गाय नव्हती

यंदाही नवतपा लागला आणि माझं डोकं फिरलं. ऊन हे काही त्याचं कारण नाही. मी मेहकरकडची, उन्हाला घाबरणारी नाही. पण मे महिन्याच्या शेवटी हे नऊ दिवस येतात, इथे त्यांना प्रत्येक जण नावानिशी ओळखतो, आणि नेमका त्याच दिवसांत माझा मराठीचा पेपर येतो. सकाळी आठलाच डांबर मऊ पडतं. नवा रायपुरातले ते रुंद रस्ते पांढरे दिसायला लागतात. माणूस नाही, कुत्रं नाही, बस तर नाहीच. रस्त्याच्या कडेला छत्री धरून मी बसची वाट पाहते आणि मनातल्या मनात एका कादंबरीतल्या बाईशी भांडते. गेल्या वर्षीही भांडत होते.

मी जनावरांच्या स्वयंपाकघरात काम करते. लोक वाघ पाहायला येतात, त्या प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला फरशीची एक लांब खोली आहे. तिथे आम्ही पपया चिरतो, चणे भिजवतो, चारा तोलून टोपल्यांत भरतो. रोज वहीत रकाने भरायचे असतात: प्राणी, संख्या, काय दिलं, किती दिलं, किती उरलं. नवतप्यात त्यात बर्फाची भर पडते. आदल्या दिवशी बादलीत कलिंगडाच्या फोडी टाकून पाणी गोठवायचं आणि दुपारी तो गड्डा अस्वलापुढे उपडा करायचा. अस्वल आधी त्याला मिठी मारतं. मग चाटतं, फिरवतं, नखांनी कोरतं, आणि पहिल्या फोडीपर्यंत पोचायला अर्धा तास घालवतं. बघणाऱ्यांना मजा वाटते. मला हेवा वाटतो. कादंबरीच्या एका पानाला मलाही अर्धा तासच लागतो, पण आत कलिंगड असेलच याची मला खात्री नसते.

नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे कोणी काढलं नाही, मारलं नाही. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी महिनाभर घरी राहायचं ठरलं होतं, तो महिना संपलाच नाही. मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीमागे रायपूर. अठरा वर्षं झाली. सुरुवातीला दुकानात उभी राहिले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. हिंदी येत नाही आणि मराठी कोणाला कळत नाही. आता हिंदी येते, पण ती बाजारापुरती, भाड्याच्या सायकलसारखी. रागवायचं झालं की पुन्हा मराठीच लागते. घरात मी मराठीत बोलते आणि माझी पोट्टी, प्राची, हिंदीत उत्तर देते. तिच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर एक ओळ असायची, आईचं शिक्षण. तिथे मी बारा वर्षं 'नववी' लिहिलं. एकदा तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहून टाकलं, दसवीं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यात तिचा काही दोष नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

हे मी मेश्राम बाईंना सांगितलं तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. बाई रेल्वेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, माहेर नागपूर, आता तेलीबांध्याला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. प्राणिसंग्रहालयात लागायच्या आधी मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायची. काम सुटलं, जाणं सुटलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग काहून रडून राहिली? दहावी गेली उडत. मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीची परीक्षा दे आनि सरळ बी.ए.ले बस."

"बाई, मी? बी.ए.?"

"नाई, मी बसतो आता या वयात. तूच बसशील ना वं. केंद्र गोंदियाले आहे. सकाळची गाडी धरायची, पेपर द्यायचा, संध्याकाळी घरी."

रायपुरात राहून मराठीत परीक्षा द्यायला महाराष्ट्राच्या हद्दीत जायचं, ही त्यांनाच सुचणारी गोष्ट. फॉर्म त्यांनी भरला, फोटो काढायला सदर बाजारात त्या सोबत आल्या, आणि फोटोत मी घाबरलेली दिसते म्हणून दुसऱ्यांदा काढायला लावला. दुसऱ्यातही मी तशीच दिसते. या बाईंचं माझ्यावर किती आहे, ते कोणत्या रकान्यात मांडावं मला कळत नाही. म्हणूनच त्यांच्याशी भांडताना मला दुप्पट त्रास होतो.

पूर्वतयारीत पास झाले. पहिल्या वर्षाचा इतिहास सुटला, समाजशास्त्र सुटलं. राहिली मराठी. आणि मराठीत राहिली ती कादंबरी.

जुनी, जाडजूड कादंबरी. आमच्या प्रतीचं कव्हर बाईंनी खाकी कागदाने असं चिकटवलं होतं की नावसुद्धा आत गेलं. तालुक्याच्या गावातलं एक मोठं घर, घराचे मालक वकीलकाका, त्यांची विधवा बहीण आत्याबाई, वकीलकाकांचा कारकून, धाकटा दीर, जो मुंबईहून कपडे आणतो आणि नोकरी घालवून येतो, आणि थोरली वहिनी, जी साडेतीनशे पानं स्वतःबद्दल काही बोलत नाही. याशिवाय येणारे-जाणारे वीस-पंचवीस. गेल्या नवतप्यात दुपारची सुट्टी धरून मी बाईंकडे जायची. कूलर घरघरायचा, वाळ्याचा ओला वास यायचा, बाई वाचायच्या आणि मी दहा पानांत कोण कोणाचा मामा ते विसरून जायची.

शेवटी बाईंनी चष्मा काढला. "तुले तुह्या त्या जंगलातले किती प्राणी वळखता येतात?"

"सगळे."

"नावानं?"

"चेहऱ्यानं. आणि जेवणानं."

"मंग झालं. यातला एकेक माणूस घे आनि त्याले एकेक जनावर लाव. विसरशीलच नाई."

खेळ असा सुरू झाला. खेळ बाईंचा, पण त्याने बिघाड माझा केला.

बाईंनी वकीलकाकांना वाघ केलं. मी म्हटलं, नाही बाई, वाघाला विनाकारण राग येत नाही. जेवण पाच मिनिटं उशिरा आलं तर तो जाळीला गाल घासत फुरफुरतो, लहान पोरासारखा. वकीलकाका म्हणजे पाणघोडा. पाण्यात नुसते डोळे वर, दिसायला कसा शांत. पण कोणी त्याच्या काठाला आलं की संपलं. आणि हद्द दाखवायची तर शेपूट गरागरा फिरवून स्वतःचं शेण चारी बाजूंना उडवतो. काका जेवणाच्या पंगतीत तेच करतात, फक्त शब्दांनी. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

कारकुनाला त्यांनी कोल्हा म्हटलं, मी तरस. कोल्हा निदान स्वतःचं स्वतः शोधतो. आत्याबाईंना मी इमू केलं. इमूचं काही काम नसतं, पण जाळीपाशी जो येईल त्याच्या मागे मागे चालायचं, मान लांब करून बघायचं आणि चमकणारं बटण दिसलं की टोचून बघायचं. धाकटा दीर मोर, यावर आमचं एकमत झालं. बाई म्हणाल्या पिसाऱ्यामुळे. मी म्हटलं, पिसं झडल्यावर तो झुडपात लपून बसतो त्यामुळे. नोकरी गेल्यावर दीर माडीवरून खाली उतरत नाही, ते प्रकरण मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या दिवशी पपया चिरताना मी हे सगळं सुकलाल भैयांना सांगायची. सुकलाल भैया हरणांच्या वाड्यांचे जुने राखणदार, गावाकडे शेत, डोक्याला कायम ओला गमछा. वाचणं त्यांना सहीपुरतं येतं. पण पाणघोड्याचं ऐकल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. "हव दीदी, वइसने एक झन हमर पारा मा घलो हे." म्हणजे आमच्या वस्तीतही असा एक जण आहे. मग रोज विचारायला लागले, "आज तोर कहानी मा का होइस?" आज तुझ्या गोष्टीत काय झालं. मी वाचलेलं त्यांना सांगता सांगता मला पाठ व्हायला लागलं. घरी प्राची ऐकायची आणि म्हणायची, "मम्मी, प्लीज, पेपर में ये सब मत लिख देना."

थोरल्या वहिनीपाशी खेळ अडला.

बाई पटकन म्हणाल्या, "गाय."

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता येईना. मार्गदर्शकात, म्हणजे बाजारात मिळतं त्या पुस्तकात, तेच छापलेलं होतं: थोरली वहिनी ही गाईसारखी गरीब, सोशिक, त्यागाची मूर्ती. चार ओळी, पाठ करायला सोप्या. मी म्हटलं, "बाई, गाय हंबरते. वासरू नेलं तर दोन दिवस हंबरते. हिच्या लेकीला परस्पर दत्तक दिलं, तर हिच्या तोंडून आवाज नाही."

"म्हनूनच तर गाय. गरीब."

"गरीब नाही. चितळ आहे."

"चितळ काहून?"

आणि इथे मी अडकले. मला दिसत होतं. आजारी चितळ कळपात कसं उभं राहतं ते मी रोज बघत होते. पण तोंडातून एवढंच आलं, "चितळच आहे, बाई. तुम्ही येऊन बघा." बाई म्हणाल्या, "पेपर तपासनारा येनार हाय का पाहाले?" मला राग आला. त्यांचाही आवाज चढला. एवढ्या उन्हात आम्ही दोघी एका कागदावरच्या बाईवरून तणतणत होतो आणि कूलरमधलं पाणी संपलेलं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पेपराच्या दिवशी गोंदियाला मी दोन तास आधी पोचले. हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स छातीशी. दर स्टेशनला उघडून बघायची. राजनांदगाव गेलं, डोंगरगड गेलं, तिकीट तिथेच होतं. वर्गात पंखा होता, पण वारा माझ्या बाकाला वळसा घालून जायचा. पेपर हातात आला. तिसरा प्रश्न, वीस गुणांचा: कादंबरीतील व्यक्तिरेखांची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. थोरल्या वहिनीच्या मौनाचा विशेष विचार करा.

मला सगळं येत होतं. पण वाक्य सुरू करायचं कुठून? 'प्रस्तुत कादंबरीत' असं लिहिलं आणि पुढचा शब्द येईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेजारची मुलगी पुरवणी मागत होती. मग माझ्या हाताने त्याला येत होतं तेच केलं. त्याने पट्टीने रकाने आखले. व्यक्ती, प्राणी, स्वभाव, खाणं. वकीलकाका, पाणघोडा, शांत दिसतो पण नाही, दुसऱ्याची हद्द. कारकून, तरस, मागे मागे, उरलेलं. थोरली वहिनी, चितळ, दुखणं दाखवत नाही, माहीत नाही. एका पानात वीस गुणांचा प्रश्न संपवला. खाली रेघ मारली आणि सवयीने सहीसुद्धा केली. परत येताना गाडीत मला वाटत होतं, किती नीट लिहिलं. वाचणाऱ्याला एका नजरेत सगळं कळेल.

निकाल लागला. इतर सगळ्यात पास, मराठीत पाच गुणांनी नापास.

नणंदेचा मेहकरहून फोन आला. "मराठीत कसं काय गं वहिनी? बाकीच्यात तर पास झाली म्हणे. मराठीत तर लहान लेकरूबी पास होते." ती वाईट मनाने म्हणाली नाही. मीच तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. फोन ठेवला आणि मी कणीक मळायला बसले. इतकी मळली की प्राची म्हणाली, "मम्मी, छोड़ दो, मर जाएगा बेचारा."

बाईंनी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायला लावली. यायला बरेच दिवस लागले. माझ्या रकान्यांवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल तिरपी रेघ होती आणि कडेला लिहिलं होतं, 'हे काय आहे?' खाली शून्य. मला वाटलं बाई चिडतील, तपासणाऱ्याला बोलतील. मला ते हवं होतं. मी त्यासाठीच कागद घेऊन तीन मजले चढले होते.

त्यांनी पान दोनदा वाचलं. "बरोबर इचारलं त्यानं," त्या म्हणाल्या. "हे काय हाय? मले माहीत आहे, कारन मी तुह्यासंगं बसलो होतो. त्याले कसं कळावं? तू जनावर सांगतलं. वहिनी कुठी दाखवली?"

"चितळ म्हणजे काय ते कोणालाही..."

"कोनाले माहीत आहे? तुले आनि त्या सुकलालले. कारन लिव ना. आनि हे 'माहीत नाही' काय लिवलं? पेपरात कोनी 'माहीत नाही' लिवते का?"

मी उठले, चपला घातल्या आणि चहा न घेता खाली उतरले. पंधरा दिवस गेले नाही. तेलीबांध्याच्या तलावाच्या कडेने बस जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायची. राग बाईंचा होता, की त्या खरं बोलल्या याचा, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. डोक्यात एक गोष्ट लख्ख आहे आणि ती कागदावर उतरत नाही, यासारखा दुसरा जाच नाही. मुकं जनावर म्हणतात. मुक्या जनावराला निदान पेपर नसतो.

सोळाव्या दिवशी बाईंचाच फोन आला. "भाजी जास्त झाली माह्याकडे. येऊन घेऊन जा." मी गेले. भाजी जेवढ्यास तेवढीच होती.

यंदाची संधी शेवटची होती. विद्यापीठातल्या माझ्या नोंदणीची वर्षं संपत आली होती. यंदाही राहिली असती तर पूर्वतयारीपासून सगळं पुन्हा. उन्हाळा लागला तशा बाई थेट बोलायला लागल्या. "हे पाह्य, या बारी नखरे नाई करायचे. गाय लिव. मार्गदर्शकात हाय तसंच. चार ओळी पाठ कर आनि मोकळी हो." मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणालात कारण लिही. "म्हनालो. पन कारन सुचलं का तुले वर्षभरात?" सुचलं नव्हतं. मी गाय पाठ करायला घेतली. अस्वलाचा बर्फ काढताना पुटपुटायची: सोशिक, त्यागाची मूर्ती. प्रत्येक वेळी 'मूर्ती'पाशी जीभ अडायची.

नवतप्याच्या आदल्या आठवड्यात सुकलाल भैयांनी मला वाड्यावर बोलावलं. दोन चितळ माद्या कुंपणात अडकून खरचटल्या होत्या म्हणून त्यांना कळपापासून वेगळं ठेवलं होतं. जखमा भरत आल्या होत्या. दोघी गव्हाणीपाशी उभ्या, दोघींची तोंडं हलत होती, कान फिरत होते. मी म्हटलं, बऱ्या दिसतात. भैया म्हणाले, "देख तो बने असन." नीट बघ. मी बघितलं. काहीच दिसेना. मग त्यांनी गव्हाणीकडे बोट केलं. एकीची बाजू साफ, दुसरीच्या बाजूला चारा जसाच्या तसा, नुसता ओला. "खावत नइ ए, दीदी. मुंह भर चलावत हे." खात नाही, फक्त तोंड हलवते. तिच्या दाढेखाली गळू झालं होतं. घास तोंडात घ्यायची, हलवायची, सोडून द्यायची, पुन्हा घ्यायची. दुसरीच्या बरोबरीने, तिच्याच लयीत. अशक्त दिसलं की शिकारी आधी आपल्यालाच उचलतो, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. "जानवर ला झन देख," भैया म्हणाले. "का बांचे हे, तेला देख." जनावराकडे बघू नको, काय उरलंय ते बघ.

'किती उरलं', मी रोज भरते तो रकाना. सहा वर्षं तरी भरते आहे.

डॉक्टर आले, सुई झाली, गळू निघालं, मादी बरी आहे. पण मी त्या दिवशी बसमध्ये उभ्याउभ्याच कादंबरी उघडली. मला वहिनीचं बोलणं शोधायचं नव्हतं. मला तिचं ताट शोधायचं होतं. त्या कादंबरीत जेवणं खूप आहेत, पंगती, फराळ, सणांची पक्वान्नं, लेखकाला खाण्याची हौस. प्रत्येक ठिकाणी मी पेन्सिलीने खूण करत गेले. वहिनी वाढते. वहिनी तूप आणायला आत जाते. वहिनी म्हणते, तुमचं होऊ द्या, मी बसतेच आहे. पुढचं वाक्य दुसऱ्याच खोलीत सुरू होतं. पुन्हा पंगत, पुन्हा वहिनी वाढते. लेकीला दत्तक दिलं त्या रात्री आत्याबाई विचारतात, जेवलीस का? वहिनी म्हणते, हो, केव्हाच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोलकरीण म्हणते, काल एका माणसाचा भात तसाच उरला. एवढंच. अर्धी ओळ. माझ्या आधी ते पुस्तक कितीजणींनी पाठ केलं असेल. साडेतीनशे पानांत वहिनी एकदाही घास तोंडात घालताना दिसत नाही, आणि घरातल्या कोणाच्या ते लक्षात येत नाही.

पाच दिवसांनी शेवटची पंगत झाली आणि तेलीबांध्याला उतरून मी धावतच वर गेले. बाईंना खुणा दाखवल्या, एकामागून एक. मला वाटलं होतं, त्या मला जवळ घेतील. त्या चष्मा लावून पहिल्या खुणेपासून पुन्हा वाचत गेल्या.

"चौतीस वर्षं मी गायच लिवून घेतली पोट्ट्यांकडून," शेवटी म्हणाल्या. "मलेबी पटत नव्हती. पन दुसरं काय ते सापडलं नाई. आनि पोट्टे पास व्हायचे."

"मग मी हे लिहू?"

"नोको."

"बाई..."

"आयक माह्यं. हे खरं हाय, पन तुह्या हातानं वीस मिनिटात कागदावर येनार हाय का? मागच्या बारी रकाने आखले तू. तपासनाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा रायते. तो गाय शोधते. गाय दिसली का गुन देते. आधी गाय लिव. वेळ उरला तर खाली हे लिव."

माझा संताप झाला. मी म्हटलं, चौतीस वर्षं तुम्हाला जे सापडलं नाही ते मला सापडलं आणि ते मी खाली लिहू? वेळ उरला तर? शब्द तोंडातून गेले आणि मग मला आठवलं. या बाईंनी माझा फॉर्म भरला. फोटोसाठी उन्हात उभ्या राहिल्या.  उठून त्यांनी मला पेन दिलं, त्यांचं स्वतःचं, आणि म्हणाल्या, "शाई भरली हाय. जा आता, बस जाईल."

पेपर परवा झाला. तोच वर्ग, तोच पंखा, प्रश्न थोडा फिरवलेला पण तोच. मी घड्याळ काढून बाकावर ठेवलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी गाय लिहायची होती. 'थोरली वहिनी ही' इथपर्यंत लिहिलं. पुढे हातच जाईना. 'गाईसारखी' हा शब्द मला इतका पाठ होता की डोळे मिटून लिहिता आला असता. मी 'ही' वर काट मारली आणि लिहिलं, 'थोरली वहिनी काय जेवते हे कादंबरीत कुठेही सांगितलेलं नाही.' आणि मग वाक्यामागून वाक्य येत गेलं. वाक्यं चांगली होती असं मी म्हणत नाही. काही तोतरी होती, एकदोन ठिकाणी मी बोलते तसंच लिहिलं गेलं. पण रकाने नव्हते. पंगती आल्या, मोलकरीण आली, दाढेखालचं गळू आलं, तोंड का हलत राहतं ते आलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. वर बघितलं तर पर्यवेक्षक पुरवण्या गोळा करत येत होते आणि माझा पाच गुणांचा शेवटचा प्रश्न कोरा होता. आणि गाय राहून गेली होती.

गेल्या वर्षी पाचच गुण कमी पडले होते. बाहेर आल्यावर हे आठवलं. काय केलं मी हे. सरळ चार ओळी होत्या.

गोंदियाच्या फलाटावर पत्र्याखाली उभी होते तेव्हा बाईंचा फोन आला. ऊन रुळांवरून नाचत होतं.

"काय लिवलं?"

"तिसरा प्रश्न तोच आला होता."

"ते समजलं मले. आधी गाय लिवली ना?"

मी पर्स उघडून परतीचं तिकीट तिथेच आहे का ते बघितलं.

"अवं, बोल ना. लिवली का नाई?"

"नाही, बाई. वेळच उरला नाही. शेवटचा प्रश्नही राहिला."

तिकडून फक्त कूलरची घरघर. मी म्हणणार होते, चुकलं माझं, रागावू नका, परत पहिल्यापासून भरू फॉर्म. सगळी वाक्यं ओळीने तयार होती, माफीची वाक्यं मला कधी अडत नाहीत. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "गुनांचं पाहू मंग. तू काय लिवलं ते सांग मले. पहिल्या वाक्यापासून. मी लिवून घेऊन राहिलो."

शेजारी एक बाई पोत्यावर बसून केळं खात होती, ती माझ्याकडे बघायला लागली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पहिल्या वाक्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्येच बाई म्हणायच्या, "थांब, हळू," आणि मी थांबायची. गाडी आली, चढले, जागा नव्हती, दारापाशी उभी राहिले, आणि अजून मी दुसऱ्याच पानावर होते.